अंगणात लावा देशी झाडे : दोन हंडे पाण्यावरची बाग

गेल्या काही वर्षांत खेड्यापाड्यांतून पक्की घरे उभी राहिली. घर नवे झाले की अंगणही नवे करावे असे वाटते. मग शहरातील बंगल्यासमोर पाहिलेली हिरवळ, शोभेचे पाम, बोगनवेल आणि चारी बाजूंना सिमेंटचा कोबा असा बेत ठरतो. पावसाळा व हिवाळा निभावून जातो. मार्च उजाडला, विहिरीने तळ गाठला आणि टँकरची वाट पाहणे सुरू झाले की खरी परीक्षा होते.

अवर्षणप्रवण भागातील एका गावी मेळाव्यानिमित्त गेलो असता असेच एक अंगण पाहण्यात आले. घरधन्याने मोठ्या हौसेने रोपवाटिकेतून रोपे आणून हिरवळ लावली होती. मे महिन्यात हिरवळीचे तपकिरी गवत झाले होते, पाम करपले होते आणि कोबा इतका तापला होता की दुपारी अनवाणी पाय ठेववत नव्हता. त्या घरातील बाईंनी एकच वाक्य सांगितले, "साहेब, झाडं यांनी लावली, पण हंडे मी वाहिले." शेजारच्या जुन्या घरापुढे मात्र कडुनिंबाच्या सावलीत दोन शेरडे, एक बाज आणि चार म्हातारी माणसे निवांत बसली होती. त्या झाडाला कित्येक वर्षांत कोणी तांब्याभर पाणी घातले नव्हते.

हा फरक हौसेचा नसून झाडांच्या निवडीचा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रदेशात जी बाग दररोज पाणी मागते ती बाग घराला भार होते. म्हणून या लेखात एक गुंठा अंगणात, कमी पाण्यावर, आपल्याच मातीतील झाडे घेऊन बाग कशी उभी करावी याची माहिती दिली आहे.

पाण्याचा हिशोब आधी मांडा

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, सुमारे १०१ चौरस मीटर जागा. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला तरी या अंगणावर सुमारे ५० हजार लिटर पाणी पडते. कोबा केला तर त्यातील बहुतेक पाणी रस्त्यावर वाहून जाते. जमीन मोकळी ठेवली तर त्याचा मोठा हिस्सा मुळांशी मुरतो.

छपराचेही तसेच आहे. ६०० चौरस फूट स्लॅब म्हणजे सुमारे ५५ चौरस मीटर. तेवढ्याच पावसात त्यावर २७ ते २८ हजार लिटर पाणी पडते. गळती व बाष्पीभवन वजा जाता २० हजार लिटरच्या आसपास पाणी अंगणातील झाडांकडे वळविता येते.

आता खर्चाची बाजू पाहू. अर्ध्या गुंठ्यावर हिरवळ लावली तर उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज ५ लिटरप्रमाणे सुमारे २५० लिटर पाणी लागते. पंधरा लिटरचा हंडा धरल्यास रोजचे १६ ते १७ हंडे झाले. पुढे दिलेल्या आराखड्यात पहिल्या उन्हाळ्यात रोज सरासरी दोन हंडे स्वच्छ पाणी पुरते. बाकीची गरज न्हाणीच्या सांडपाण्यावर भागते. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर मोठ्या झाडांना पाणी घालण्याची गरज सहसा राहत नाही.

देशी झाड कोणते ?

गावात सगळीकडे दिसते म्हणून झाड देशी असतेच असे नाही. गुलमोहर व सदाफुली मूळची मादागास्करची, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, तर सुबाभूळ मध्य अमेरिकेकडची. देवळापुढचा पांढरा चाफासुद्धा अमेरिका खंडातून आलेला आहे. सोनचाफा मात्र आपला. परकी झाडे सगळीच वाईट असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. दारात असलेला जुना चाफा कोणी तोडू नये. परंतु नवीन लागवड करताना ज्या झाडाने आपला उन्हाळा पिढ्यान्पिढ्या काढला आहे, त्याला प्रथम पसंती द्यावी.

दोन पाहुण्यांना मात्र अंगणात थारा देऊ नये. घाणेरी (टणटणी) फुलांसाठी कुंपणाला लावली जाते. तिचा पाला खाल्ल्याने जनावरांना विषबाधा होते व पक्ष्यांमार्फत तिचे बी रानभर पसरते. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटावे.

देशी झाडांचा आणखी एक फायदा शेताला होतो. करंज, निर्गुंडी, तरवड, बहावा, शेवगा यांच्या फुलांवर मधमाश्या व इतर कीटक येतात. शेतातील पिके फुलोऱ्यावर नसतात त्या काळातही त्यांना खाद्य मिळाले तर कांदा बियाणे, सूर्यफूल, भोपळावर्गीय पिके यांच्या परागीकरणास त्यांची मदत होते.

सावलीचे झाड निवडताना होणारी चूक

उन्हाळ्यात सावली हवी म्हणून काही जण पळस, पांगारा किंवा बहावा लावतात. ही झाडे सुंदर आहेत, पण पळस व पांगारा फाल्गुनात फुलतात तेव्हा निष्पर्ण असतात आणि बहावा चैत्र-वैशाखात पिवळ्या झुंबरांनी लगडतो तेव्हा त्याची बहुतेक पाने गळलेली असतात. म्हणजे ऐन उन्हात फूल मिळते, सावली मिळत नाही.

कडुनिंब व करंज यांचे वेळापत्रक वेगळे आहे. त्यांची पानगळ साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि एप्रिलपर्यंत नवी पालवी येऊन मे महिन्यात गर्द सावली तयार होते. हरभरा व ज्वारी अंगणात वाळत घालण्याच्या दिवसांत झाड विरळ असते आणि माणसे व जनावरे उन्हाने त्रासतात तेव्हा ते भरलेले असते. म्हणून सावलीसाठी कडुनिंब किंवा करंज आणि फुलांसाठी बहावा, अशी कामाची वाटणी करावी.

दिशेचाही विचार करावा. त्रास देणारे ऊन दुपारनंतरचे, म्हणजे पश्चिमेकडून येणारे असते. म्हणून सावलीचे झाड पश्चिमेच्या अंगाला असावे. घर पूर्वाभिमुख असेल तर दुपारनंतर घराचीच सावली अंगणावर पडते. अशा वेळी मोठे झाड घराच्या मागे लावून अंगणात लहान झाडे घ्यावीत. घर पश्चिमाभिमुख असेल तर अंगणातील सावलीच्या झाडाला पर्याय नाही.

एक गुंठा अंगणाचा आराखडा

उदाहरणादाखल उत्तराभिमुख घर व त्यापुढे ३३ बाय ३३ फूट अंगण धरले आहे. फाटक उत्तरेला मधोमध १० फूट रुंदीचे ठेवावे, म्हणजे बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली आत येऊ शकते.

१) मोकळी जागा : शेतकऱ्याचे अंगण हे कामाचे ठिकाण आहे. धान्य वाळविणे, शेंगा फोडणे, गाडी उभी करणे, घरचे कार्य, सर्व येथेच होते. म्हणून फाटकापासून दारापर्यंत १५ फूट रुंदीचा पट्टा पूर्ण मोकळा ठेवावा. जवळजवळ निम्मे अंगण त्यात जाते. येथे कोबा न करता मुरूम पसरून, पाणी मारून चोपून घ्यावा व नेहमीप्रमाणे शेणसडा घालावा. जमिनीला घरापासून बाहेरच्या बाजूस दर चार फुटांना एक इंच उतार द्यावा. त्यामुळे पाणी पायात न शिरता झाडांकडे जाते.

२) वायव्य कोपरा : एक कडुनिंब. उत्तर व पश्चिम हद्दीपासून ८-८ फूट आत लावावा. म्हणजे घराच्या भिंतीपासून २५ फूट अंतर राहते.

३) ईशान्य कोपरा : एक बहावा, हद्दीपासून ८-८ फूट आत. त्याऐवजी आपटा लावला तरी चालेल. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली बाजारात कांचनाची पाने विकली जातात आणि रानातील आपटे ओरबाडले जातात. दारी एक आपटा असला तर दोन्ही टळते.

४) पूर्वेकडे घराजवळ : एक पारिजातक, भिंतीपासून ८ फुटांवर. श्रावणापासून दिवाळीपर्यंत सकाळी फुलांचा सडा मिळतो. झाड लहान राहते, भिंतीला धोका नसतो.

५) पश्चिमेकडे स्वयंपाकघराच्या बाजूस : एक कढीपत्ता. त्याच्याजवळून न्हाणीचे पाणी जाणारा लहान चर काढून त्यात वाळा व अळू लावावे. वाळ्याची दाट मुळे माती धरून ठेवतात.

६) दारापुढे : लहान मांडवावर जाई किंवा जुईचा एक वेल. मांडवाच्या पायाशी मोगऱ्याची तीन-चार झाडे, कोरांटी आणि मधोमध तुळस.

७) कुंपण : फाटक सोडून तिन्ही बाजूंची लांबी सुमारे ८९ फूट भरते. दीड फुटावर एक याप्रमाणे ६० रोपे किंवा छाट लागतील. अडुळसा, निर्गुंडी व तरवड यांना शेळ्या-मेंढ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणासाठी या तिन्हींची मिसळ करावी. रस्त्याच्या बाजूस मध्ये मध्ये करवंद लावल्यास काट्यांमुळे कुंपण मजबूत होते व मुलांना फळेही मिळतात.

भिंतीपासून अंतर का ठेवावे ?

काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराच्या लगत मोठे झाड असल्यास ते मुळांवाटे पायाजवळील ओल ओढून घेते, जमीन एका बाजूला अधिक आकसते आणि भिंतींना तडे जातात. म्हणून मोठे झाड घर, विहीर, पाण्याची टाकी व संडासाचा खड्डा यांपासून किमान २० फूट दूर असावे. वड, पिंपळ व उंबर ही झाडे पूज्य व उपयुक्त असली तरी एक गुंठ्याच्या अंगणात लावू नयेत. त्यांची जागा गायरान, ओढ्याचा काठ किंवा देवळाचे आवार ही होय. वरून वीजवाहिनी जात असेल तर तिच्याखाली फक्त लहान झाडे घ्यावीत.

रोपे घरीच तयार करा

या बागेतील बहुतेक रोपे विकत आणण्याची गरज नाही.

कडुनिंब : निंबोळीची उगवणशक्ती दोन-तीन आठवड्यांत झपाट्याने कमी होते. जून-जुलैमध्ये पडलेल्या पिवळ्या निंबोळ्यांचा गर धुऊन त्या लगेच पिशवीत लावाव्यात. साठवलेले बी वापरू नये.

बहावा : बियांचे कवच टणक असते. उकळून खाली उतरविलेल्या पाण्यात बी टाकून रात्रभर तसेच ठेवावे व फुगलेले बी पेरावे.

अडुळसा व निर्गुंडी : पेन्सिलीएवढ्या जाडीचे, २० ते २५ सें.मी. लांबीचे छाट पावसाळ्याच्या सुरुवातीस जागेवरच लावावेत. दोन डोळे मातीत व दोन वर राहतील असे पाहावे.

तरवड : बी जागेवरच टोकावे.

मोगरा व जाई : पावसाळ्यात फांदी मातीत दाबून दाब कलम करावे.

रानातून वाढलेली झाडे उपटून आणू नयेत. ती सहसा जगत नाहीत व रानही उजाड होते. पारिजातक, आपटा, करंज यांची रोपे सामाजिक वनीकरण विभागाच्या किंवा कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिकेत चौकशी करून घ्यावीत.

लागवड व पाणी

झाडांसाठी एप्रिल-मे महिन्यात २ फूट लांब, २ फूट रुंद व २ फूट खोल खड्डे घेऊन उन्हात तापू द्यावेत. पावसाच्या सुरुवातीस वरच्या थरातील चांगली माती, दोन घमेली कुजलेले शेणखत व अर्धा किलो निंबोळी पेंड यांच्या मिश्रणाने खड्डे भरावेत. जमिनीत चांगली ओल झाल्यावर, जून अखेर ते जुलैमध्ये लागवड करावी. गुडघ्याएवढे निरोगी रोप पुरुषभर उंचीच्या रोपापेक्षा लवकर मूळ धरते. म्हणून उंच रोपांचा मोह टाळावा. रोपाला काठीचा आधार द्यावा आणि शेरडांपासून संरक्षण म्हणून बाभळीच्या किंवा बोरीच्या फेसाट्या लावाव्यात.

चारही झाडांना व वेलाला मडका सिंचन करावे. पाच ते सात लिटरचे, रंग न दिलेले मातीचे मडके बुंध्यापासून दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरावे व तोंडावर झाकणी ठेवावी. झाकणीमुळे डास होत नाहीत व पाणी उडून जात नाही. मडक्यातून पाणी हळूहळू पाझरते आणि मुळे खोलवर ओलाव्याकडे जातात. मडक्यात साबणाचे पाणी कधीही घालू नये. त्याची छिद्रे बुजतात. हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी व उन्हाळ्यात एक दिवसाआड मडके भरावे. पाच मडक्यांचे ३५ लिटर एक दिवसाआड, म्हणजे रोजचे साडेसतरा लिटर. त्यात तुळस व मोगऱ्याचे १० लिटर मिळविले की दोन हंड्यांचा हिशोब जुळतो.

कुंपणाच्या ६० रोपांना पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा प्रत्येकी एक लिटर सांडपाणी पुरते. ते वाळूने भरलेल्या लहान खड्ड्यातून गाळून घ्यावे. कपडे धुण्याच्या सोड्याचे तीव्र पाणी मात्र झाडांना देऊ नये.

बुंध्याभोवती पालापाचोळा, भुसा किंवा तुराट्यांचे तुकडे यांचे ३ ते ४ इंच जाडीचे आच्छादन करावे. आच्छादन खोडाला चिकटू देऊ नये, चार बोटे जागा सोडावी. त्यामुळे वाळवीचा उपद्रव कमी होतो. दुसऱ्या उन्हाळ्यात झाडांना आठवड्यातून एकदा एक हंडा पाणी द्यावे. तिसऱ्या वर्षी मडकी काढून घेऊन कडुनिंब व बहाव्याचे पाणी तोडावे.

वर्षभराचा फुलोरा

फेब्रुवारी-मार्च : शेवगा (परसात असल्यास).
मार्च ते जून : मोगरा, कडुनिंब, बहावा.
पावसाळा : जाई, जुई.
ऑगस्ट ते नोव्हेंबर : पारिजातक, पुढे कोरांटी.
तरवडाची पिवळी फुले वर्षातील बराच काळ दिसतात.

इतर उपयोग

पूर्ण वाढलेल्या कडुनिंबापासून वर्षाला ३० ते ५० किलो निंबोळ्या मिळतात. वाळलेल्या निंबोळीची ५ किलो पूड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण १०० लिटर द्रावण केल्यास ५ टक्के निंबोळी अर्क तयार होतो. म्हणजे अंगणातील एक झाड घरच्या पीक संरक्षणास हातभार लावते. अडुळशाचा काढा खोकल्यावर घरोघरी वापरला जातो; मात्र गरोदर स्त्रियांनी तो घेऊ नये व लहान मुलांना वैद्यांच्या सल्ल्यानेच द्यावा.

दक्षता घ्या

१) कण्हेर, पिवळी कण्हेर (बिट्टी), कळलावी, धोतरा व एरंड यांचे भाग विषारी आहेत. लहान मुले व जनावरे असलेल्या अंगणात ती लावू नयेत.

२) कुंपणाच्या बुडाशी विटा, लाकडे व कचऱ्याचे ढीग साचू देऊ नयेत. साप व विंचू झाडामुळे येत नाहीत, अडगळीमुळे येतात. कुंपणाच्या खालच्या फांद्या फूटभर उंचीपर्यंत छाटून ठेवाव्यात.

३) पावसाळ्याच्या अखेरीस कुंपणाची एक छाटणी करावी. छाटलेला पाला आच्छादनासाठी वापरावा, जाळू नये.

४) आळ्याभोवती सिमेंटचे कडे बांधू नये. पाणी मुरण्यास जागा राहत नाही व खोड आवळले जाते.

आपल्या भागाप्रमाणे बदल

वरील आराखडा मध्य महाराष्ट्र व मराठवाड्यातील कमी पावसाच्या भागासाठी आहे. कोकणात पाणी मुरविण्यापेक्षा ते काढून देणे महत्त्वाचे असते. तेथे बकुळ, सुरंगी, सोनचाफा, कोकम आणि सावलीच्या ओलसर जागी सीताअशोक घ्यावा. विदर्भात कडुनिंबाबरोबर बेल व आवळा लावता येतो. जागा मोठी असल्यास मोह व पळस बांधावर घ्यावेत. राज्यफूल असलेल्या ताम्हणाला ओल लागते. म्हणून तो कोरड्या अंगणात न लावता ओढ्याकाठी किंवा विहिरीच्या पाटाजवळ लावावा.

शेवटी एक सूचना. सर्व झाडे एकाच वर्षी लावण्याची घाई करू नये. पहिल्या पावसाळ्यात कडुनिंब व कुंपण, दुसऱ्या पावसाळ्यात बहावा, पारिजातक व कढीपत्ता आणि त्यानंतर वेल व फुलझाडे अशी पायरी ठेवली तर एका उन्हाळ्यात भरावयाची मडकी निम्म्यावर येतात. आराखडा आखताना घरातील बायांना जरूर विचारावे. पाणी कोठून येते, किती येते आणि ते कोण आणते हे त्यांना नेमके माहीत असते. जे झाड तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यावरचा हंडा उतरविते, तेच आपल्या अंगणाचे झाड समजावे. यंदाच्या एप्रिलमध्ये निदान एक खड्डा घेऊन ठेवा आणि जूनमध्ये दारातल्या किंवा शेजारच्या कडुनिंबाखालची मूठभर निंबोळी वेचा, म्हणजे सुरुवात झालीच.